स्लॅबला भोक पाडण्यापूर्वी

आमच्या कंधारात पूर्वी माळवदाची घरे फार. आता बहुतेकांनी पोटाला चिमटा घेऊन, कोणी घरकुलाच्या अनुदानात पदरची भर घालून, स्लॅबची घरे बांधली. स्लॅब पडला की घर झाले असे आपण समजतो. पाईपची आठवण नंतर येते. मुलाचे लग्न ठरते, वर एक खोली चढते, सुनेला रात्री-अपरात्री खाली उतरावे लागू नये म्हणून वरच न्हाणी-संडास हवा असतो. मग कोणीतरी छन्नी-हातोडा घेऊन येतो.

असेच एका ओळखीच्या घरी आम्ही बसलो होतो. दोन दिवस ठोकाठोक चालली. वरून भोक बेताचे, पण खालच्या बाजूने ताटाएवढे काँक्रीट उडाले. आड आलेल्या दोन सळया गड्याने कापून टाकल्या. आम्ही कारकून माणसे. हिशेबातले कळते, सळईतले नाही. गप्प बसलो. पावसाळ्यात तिथूनच पाझर फुटला. पाणी लागलेली सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटते. घरची मावशी म्हणाली, "भाऊ, कर्ज फिटलं नाही, अन् छत गळायलं."

या कामाला यंत्र असते. त्याला कोअर कटिंग म्हणतात. पोलादी नळीच्या कडेला कृत्रिम हिऱ्याचे कण बसवलेले दात असतात. नळी ठोकत नाही, फिरत फिरत काँक्रीट घासते आणि गोल गाभा कापून काढते. म्हणून धक्का कमी बसतो, भोक नितळ पडते. मात्र हिऱ्याला सळईचीही पर्वा नाही, तीही कापली जाते. म्हणून आधी सळया आणि विजेच्या नळ्या कुठून गेल्या ते शोधक यंत्राने पाहून भोक दोन सळयांच्या मधे सरकवावे. बीमला किंवा कॉलमला इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये, मग प्लंबर कितीही घाईत असो. आणि खाली कोणी उभे राहू नये. पाच इंच जाडीच्या स्लॅबमधून पाच इंची गाभा सुटला तर त्याचे वजन तीन किलोंहून अधिक भरते.

भोक म्हणजे नुकसानच, असेही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेलेच नव्हते. ते फाकले आणि जड माळवदे अंगावर आली. अशा उभ्या राहिलेल्या भिंती मजबूत करताना दगड हळूच काढून आरपार भोक पाडतात, त्यात आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. भिंतीला टाकाच घातला म्हणा. तेथेही घण घालून चालत नाही.

आता आपल्या पोरांविषयी. आपली कितीतरी मुले पुण्या-मुंबईला, हैदराबादला याच कामावर जातात. काँक्रीट कोरडे कापले तर सिलिकाची बारीक धूळ उडते. ती छातीत बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा करणारे औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही. पाणी सोडून कापले तर धूळ बरीच बसते. पण पाणी आले की विजेचे भय आले. यंत्राला अर्थिंग हवे आणि करंट गळताच वीज तोडणारा स्विच हवा. मुकादमाने नाही दिला तर मागून घ्यावा. रोज बुडेल म्हणून पोरे बोलत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे.

ज्यांचा स्लॅब अजून पडायचा आहे, त्यांनी एवढे करावे. सळया अंथरून झाल्या की आदल्या संध्याकाळी स्वतः वर चढावे. संडासाचा, मोरीचा, टाकीचा पाईप जिथून जाणार तिथे एकेक आकार मोठ्या पाईपचे तुकडे उभे बांधून, तोंडे बंद करून घ्यावीत. मिस्त्री कुरकुर करील. करू द्यावी.