क्रियापद कोणाच्या हुकमतीत?

इंग्रजी वाक्यातील क्रियापद आपल्या निकटच्या नामाचे वचन धारण करते, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. वस्तुतः अन्विती (कर्त्याच्या पुरुष-वचनांशी क्रियापदाच्या रूपाचा मेळ) सान्निध्यावर नव्हे, तर कर्तृपदातील मुख्य नामावर अवलंबून असते. ‘द लिस्ट ऑफ कँडिडेट्स’ यापुढे ‘इज रेडी’ येते, ‘आर रेडी’ नव्हे. कारण तयार झाली ती यादी, आणि उमेदवारांचा उल्लेख हा केवळ तिचा विस्तार. मामलेदाराभोवती कारकुनांचा कितीही गराडा असला, तरी हुकमावर सही मामलेदाराचीच चालते, तसेच हे.

मराठी माणसाचा घोटाळा व्हावा हे स्वाभाविकच आहे. कारण ‘रामाने पोळी खाल्ली’ या कर्मणी प्रयोगात आपले क्रियापद कर्त्यास सोडून खुशाल कर्माच्या मागे जाते, आणि ही मुभा इंग्रजीस नाही. सान्निध्याचा नियम तेथे अगदीच नाही असेही नव्हे: ‘ऑर’ने जोडलेल्या भिन्नवचनी कर्त्यांपैकी क्रियापदाजवळच्याचे वचन पाळावे, असा व्याकरणकारांचा दंडक आहे, पण तो अपवाद होय. साध्या भूतकाळात मात्र ‘वॉज’ आणि ‘वेअर’ ही जोडी वगळता हा प्रश्न उद्भवतच नाही.