खाली दुकान, वर घर

आमच्या नात्यातले एक काका सुलतान बाजारात वाढले, विवेकवर्धिनीत शिकले आणि नोकरी लागल्यावर कुकटपल्लीला फ्लॅट घेऊन राहिले. आता निवृत्तीनंतर त्यांना परत कोठीच्या बाजूला यायचं आहे. जुन्या बंगल्याच्या जागी नवी इमारत होते आहे, खाली गाळे, त्यावर ऑफिसं, त्यावर फ्लॅट. हे घरात बोलल्याबरोबर काकू म्हणाल्या, "अहो, दुकानावर राहायचं? लोक म्हणतील, परवडलं नाही म्हणून गेले." मग पुतण्या, व्याही, शेजारी, सगळ्यांनी मतं दिली. त्यातलं निम्मं ऐकीव होतं. तेच इथे तपासून पाहतो आहे, कारण अबिड्स, नामपल्ली, काचिगुडा भागात घर बघणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर हे पडतंच.

काकूंचा मुद्दा आधी, कारण तो सगळ्यात पक्का रुजलेला आहे. दुकानावरचं घर म्हणजे नाइलाज, आणि ही 'मिश्र वापरा'ची टूम बाहेरून आलेली, असं त्यांना वाटतं. हैदराबादचा इतिहास नेमका उलटा आहे. 28 सप्टेंबर 1908 ला मुशी नदीला प्रलयंकारी पूर आला, हजारो माणसं गेली. त्यानंतर 1912 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झालं. दाट, रोगट वस्त्या मोकळ्या करून रुंद रस्ते काढणं हे त्याचं काम. चारमिनारपासून मदिना चौकाकडे जाताना दगडी कमानींची जी सलग ओळ लागते, ती पत्थरगट्टी या बोर्डाचीच. कमानींखाली कापडाची, मोत्यांची दुकानं आणि वरच्या मजल्यावर राहण्याची सोय. नाइलाज नव्हता, सरकारने आखून बांधलेला रस्ता होता. पुढची मदिना बिल्डिंगही तशीच, खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं, आणि तिचं भाडं अरबस्तानातल्या मदिनेला पाठवण्यासाठी राखलेलं. आता काकूंना कसं सांगावं की त्या स्वतः लग्न होऊन ज्या घरात आल्या, त्याच्या खालीही दुकानच होतं! सांगितलं. "ते वेगळं," म्हणाल्या.

वेगळं ते नाही. मधल्या काळात आपण घर आणि बाजार यांची फारकत केली, ती वेगळी. शहराच्या पश्चिमेकडच्या मोठ्या संकुलांत दूध आणायलाही फाटकाबाहेर गाडी काढावी लागते. तिकडे राहिलेल्या पिढीला तेच खरं शहर वाटू लागलं.

दुसरा समज व्याह्यांचा: "अबिड्स संपलं हो, 1998 मध्ये सायबर टॉवर्स झाले तेव्हाच." ज्याने बेगम बाजारात घाऊक किराणा किंवा ट्रूप बाजारात नळ-दिवे घेतले आहेत, त्याला हे पटणार नाही. व्यापार कधी गेलाच नव्हता. गेली ती राहणारी माणसं, आणि माणसं गेली की रात्री नऊनंतर रस्ता ओस पडतो, तेवढ्यावरून भाग मेला असं आपण ठरवतो. मोअज्जम जाही मार्केट घ्या. 1935 मधली ती घड्याळाच्या मनोऱ्याची ग्रॅनाइटची इमारत, निजामाचे दुसरे शहजादे मोअज्जम जाह यांचं नाव दिलेली. (हेच शहजादे इम्प्रूव्हमेंट बोर्डाचे प्रमुख होते.) मधल्या काळात तिच्या तोंडावर पत्रे, फलक आणि तारा एवढ्या चढल्या की दगड दिसेना. 2018 नंतर तिची डागडुजी झाली आणि ऑगस्ट 2020 मध्ये ती पुन्हा खुली झाली. त्याआधी सप्टेंबर 2018 मध्ये एल. बी. नगरहून अमीरपेठला जाणारी मेट्रो उस्मानिया मेडिकल कॉलेज, गांधी भवन, नामपल्ली अशी धावू लागली होती, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये जेबीएस ते एमजीबीएस या दोन बसस्थानकांमधला दुसरा मार्ग सुलतान बाजारावरून गेला. हा मार्ग व्यापाऱ्यांना नको होता, बाजार मोडेल म्हणून मोठा विरोध झाला होता. आज त्याच स्थानकाचं नाव सांगून फ्लॅट विकले जातात.

मेट्रो आहे म्हणजे गाडी नको, हा त्याच्याच पोटातला गैरसमज. काकांना डॉक्टरकडे जायला मेट्रो चालेल. लग्नाला आलेले वीस पाहुणे मात्र गाड्यांनीच येतात, आणि खालच्या दुकानांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्याही तिथेच लागतात. दुकानांची आणि घरांची पार्किंग वेगळी दाखवली आहे का, हे मंजूर नकाशातच पाहावं. तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

पुतण्याचा मुद्दा जास्त गमतीचा. "इथे एफएसआयच नाही, समोर कुणीही चाळीस मजले चढवील आणि तुमचा उजेड जाईल." पहिला अर्धा भाग खरा आहे आणि मुंबईकराला तो ऐकून चक्कर येते. हैदराबादमध्ये 2006 पासून चटई निर्देशांकाची मर्यादा नाही. पण म्हणून उंचीला लगाम नाही असं नव्हे. इथे उंची ठरते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेवर. 2012 च्या बांधकाम नियमांनी 18 मीटर किंवा अधिक उंचीची इमारत 'हायराइज' धरली आणि तिला किमान 12 मीटर, म्हणजे चाळीस फुटी रस्ता लावला. उंची वाढली की रस्ताही रुंद हवा आणि चहूबाजूंची जागाही जास्त सोडावी लागते. आता सुलतान बाजारातली गल्ली डोळ्यांसमोर आणा, जिथे दोन ऑटो समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागतं. तिथे टॉवर उभा राहायला नियमच आडवा येतो. चारमिनारच्या आसपास तर केंद्रीय पुरातत्त्व कायदाही आहे. स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी 200 मीटरमध्ये परवानगीची अट. म्हणून मध्यवस्तीतल्या नव्या उंच इमारती मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या भूखंडांवरच येऊ शकतात. रस्ता रुंद आहे का, हा प्रश्न इथे एफएसआयपेक्षा मोठा.

"खाली दुकानं असली की मेंटेनन्स तेच भरतात," असं बिल्डरचा माणूस सांगतो. हे करारात लिहिलेलं असेल तरच खरं. जमिनीतला अविभक्त हिस्सा इथे चौरस गजात लिहितात, त्यात गाळ्यांचा किती आणि फ्लॅटचा किती हे विक्रीखतात पाहा, कारण पुढे इमारत पाडायची वेळ आली तर तोच कामाला येतो. आणि हॉटेल खाली येणार असेल तर धुराड्याचा पाइप गच्चीपर्यंत नेला आहे की मागच्या खिडकीशी संपतो, हे आजच विचारा. दुकानांमुळे गुंड फिरकतात, ही भीती मात्र फोल आहे. रात्री उघडं असलेलं औषधाचं दुकान वॉचमनपेक्षा जास्त लक्ष ठेवतं. त्रास होतो तो पहाटेच्या मालाच्या टेम्पोचा आणि जनरेटरचा. घरांसाठी वेगळा जिना आणि वेगळी लिफ्ट असली की त्यातला बराचसा टळतो.

सगळ्यात महागात पडणारा समज शेवटी ऐकला: "रजिस्ट्री झाली की झालं." सब-रजिस्ट्रार व्यवहाराची नोंद करतो, इमारत नियमात आहे की नाही हे ठरवत नाही. ते भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, सांगतं. हैदराबादमध्ये एक खास पद्धत आहे. परवानगी देताना महापालिका बिल्डरकडून एकूण बांधकामाचा 10 टक्के भाग गहाण लिहून घेते आणि ओसी मिळाल्यावरच सोडते. हा भाग बहुधा खालच्या मजल्यांवरचा असतो, आणि मिश्र इमारतीत खाली गाळे असतात. म्हणजे स्वस्तात मिळतोय म्हणून मुलाला क्लिनिकसाठी घेतलेला गाळा नेमका गहाण निघू शकतो. रेरा कायद्याखालच्या नोंदणीत मंजूर नकाशा आणि चटई क्षेत्र दोन्ही पाहता येतं. जाहिरातीतला चौरस फूट अजूनही सुपर बिल्टअपचा असतो. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त न घेणं, हे याच कायद्याने बिल्डरवर बंधन आहे. ओसीनंतरच्या घराला जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्या साध्या फ्लॅटला 5 टक्के.

मुशीचा पूर आता इतिहासजमा, असं मात्र म्हणू नये. 1920 मध्ये उस्मान सागर आणि 1927 मध्ये हिमायत सागर झाले, त्याने नदीला वेसण बसली खरी. पण ऑक्टोबर 2020 च्या पावसात जुन्या शहरात घरं बुडाली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये धरणांतून पाणी सोडल्यावर एमजीबीएस बसस्थानकात पाणी शिरलं. नदीच्या कडेला घर असेल तर तळघरात पार्किंग आणि पंप कुठे आहेत, हे बघून घ्यावं.

काका आता दोन गोष्टींच्या मागे आहेत. गहाण गाळ्यांची यादी आणि धुराड्याचा नकाशा. बिल्डरने चहा दोनदा पाजला, काकूंना उस्मानिया बिस्किटांचा डबाही दिला. यादी अजून आलेली नाही.