कल्चर ‘निल’, तरी त्रास तसाच?

मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. पण ज्या आजारांबद्दल बराकीत कुजबुज चालते आणि सिक रिपोर्टला कोणी जात नाही, ते मी जवळून पाहिले आहेत. आज त्यातल्याच एका जंतूविषयी बोलू: मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम.

गनोरिया, सिफिलिस ही नावं ऐकलेली असतात, याचं नसतं. लंडनमध्ये मूत्रमार्गाला सूज असलेल्या दोन पुरुषांच्या नमुन्यांत तो सापडला. १९८१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. तो शरीरसंबंधातून पसरतो. पुरुषांना लघवीला जळजळ किंवा स्राव, स्त्रियांना संबंधानंतर रक्तस्राव किंवा ओटीपोटात दुखणं. आणि पुष्कळांना काहीच जाणवत नाही.

अडचण तपासणीत आहे. या जंतूला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे नेहमीच्या ग्रॅम स्टेनमध्ये तो दिसत नाही आणि पेनिसिलिनही त्याच्यावर चालत नाही. कल्चरमध्ये वाढायला त्याला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून दोन-तीन दिवसांत आलेला ‘वाढ नाही’ हा रिपोर्ट त्याला निर्दोष ठरवत नाही. त्याला पकडते ती पीसीआर तपासणी.

पुरुषांनी लघवीची पहिली धार द्यायची, मधली नव्हे. त्याआधी निदान तासभर लघवी केलेली नसावी. स्त्रियांचा नमुना योनीतून स्वॅबने घेतात. लॅबच्या यादीत या जंतूचं नाव आहे का, हे आधी विचारा. सगळ्यांनी उगाच तपासून घ्यायची गरज नाही. उपचार होऊनही त्रास राहिला किंवा जोडीदाराला हा संसर्ग निघाला, तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिन आणून गिळू नका. एका डोसने जंतू मरेलच असं नाही. उलट तो त्या औषधाला निर्ढावतो. डॉक्टर बहुधा आधी डॉक्सिसायक्लिन सात दिवस देतात, मग दुसरं औषध. जोडीदाराचीही तपासणी हवी, आणि उपचार पुरा होईपर्यंत संबंध टाळायचे.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला की हैदराबादला, सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये गुप्तरोगांवर मोफत सल्ला आणि उपचार मिळतात. ही पीसीआर तिथे होईलच असं नाही, पण कुठे करायची ते विचारता येतं. १०९७ ही हेल्पलाइनही मोफत आहे.

शत्रू ओळखल्याशिवाय गोळी झाडू नये, हे फौजेत पहिल्यांदा शिकवतात. औषधाच्या गोळीलाही तोच नियम लावा. जय हिंद.