रखमाबाईंनी घटस्फोट मागितलाच नव्हता

डॉ. रखमाबाईंची ओळख आजही ‘घटस्फोट घेणारी पहिली हिंदू स्त्री’ अशी सर्रास करून दिली जाते. खरं तर त्यांनी घटस्फोट मागितला नव्हता, की आपणहून कोर्टाची पायरी चढल्या नव्हत्या. दावा लावला होता दादाजी भिकाजी यांनी, 1884 साली, मुंबई हायकोर्टात. मागणी एवढीच, की बायकोला नांदायला पाठवा. लग्न लागलं तेव्हा रखमाबाई 11 वर्षांच्या होत्या आणि दादाजींबरोबर त्या कधी नांदल्याच नव्हत्या.

हा झगडा धर्मशास्त्र विरुद्ध इंग्रजी कायदा असा होता, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. बायकोला कोर्टाकरवी नांदायला लावण्याचा उपाय मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी नेमकं यावरच बोट ठेवून दावा फेटाळला. संसार सुरूच झालेला नसताना तो ‘पुन्हा’ सुरू कसला करायचा? लहानपणी लग्न लावून दिलेल्या तरुणीला मनाविरुद्ध नवऱ्याच्या हवाली करणं त्यांना क्रूरपणाचं वाटलं. ‘केसरी’सकट सनातनी पक्ष या निकालावर तुटून पडला. धर्माच्या नावानं त्यांनी ज्या हक्काची बाजू घेतली, तो आलेला होता विलायतेतून!

आणि खुद्द विलायतेत पार्लमेंटने अशा दाव्यांतली कैद 1884 मध्येच रद्द केली होती. मुंबईत मात्र अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

प्रत्यक्षात त्या तुरुंगात गेल्या नाहीत. राणी व्हिक्टोरियाने हे लग्न मोडून दिलं, ही तर निव्वळ दंतकथा. 1888 मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. लग्न कायद्याने मोडलंच नाही. 1904 मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं.

पहिल्या भारतीय महिला डॉक्टरही त्या नव्हेत. आनंदीबाई जोशी आणि कादंबिनी गांगुली 1886 मध्येच डॉक्टर झाल्या होत्या. पण आनंदीबाईंना दवाखाना चालवण्याएवढं आयुष्यच लाभलं नाही. रखमाबाईंनी लंडनला शिकून 1894 मध्ये ब्रसेल्सची एम.डी. मिळवली आणि पुढची कित्येक वर्षं सुरत व राजकोट इथे बायकांवर उपचार करण्यात घालवली.

नांदवण्याचा दावा 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये टिकून राहिला. तो कायदा मे महिन्यात आला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या.