लिटर मोजायचे की फॅट?

सकाळी डेअरीवर दूध ओतले की मशीनवर दोन आकडे उमटतात, फॅट आणि एसएनएफ. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे तो वगळून उरणारी प्रथिने, लॅक्टोज आणि खनिजे. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. आकडा घसरला की दर कापला जातो. मग पशुपालक पेंड बदलून पाहतो, चारा बदलतो. त्याने फरक पडतोही. पण काही गाईंचे फॅट काही केल्या चढत नाही. असे का?

याचे बरेचसे उत्तर वंशात आहे. गाय किती लिटर दूध देते, यातल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण पाव ते तीस टक्के असतो. फॅट आणि प्रथिनांच्या टक्केवारीत मात्र तो जवळजवळ निम्मा असतो. अडचण अशी, की या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. केवळ लिटर पाहून पैदास केली, तर दूध वाढते आणि पातळही होते. २००२ मध्ये बेल्जियम आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी यामागचे एक जनुक दाखवून दिले. ‘डीजीएटी-१’ या जनुकाचे एक रूप फॅट वाढवते आणि लिटर घटवते. दुसरे नेमके उलट करते. अर्थात फॅट ठरवणारे हे एकच जनुक नाही.

वळू तर दूध देत नाही. मग त्याची पारख कशी करायची? त्याच्या मुलींच्या दुधावरून. ठरावीक दिवसांनी प्रत्येक गाईच्या दुधाचा नमुना घेतात आणि त्यातून अवरक्त किरण सोडतात. फॅट, प्रथिने, लॅक्टोज हे घटक वेगवेगळ्या लांबीच्या लहरी शोषतात, त्यावरून त्यांचे प्रमाण कळते. मग गाईचे वय, वेत, ऋतू आणि गोठा यांमुळे पडणारा फरक वजा करतात. उरते ती वळूची देणगी. अमेरिकेत २००९ पासून लहान वासराच्या डीएनएवरूनही असा अंदाज अधिकृतपणे वर्तवला जातो. पण त्यालाही आधार हजारो गाईंच्या दूधनोंदींचाच असतो.

एका दिवसाच्या आकड्यावरून मात्र गाईला नावे ठेवू नयेत. कासदाह, चाऱ्यातला बदल किंवा वेताचा टप्पा यांमुळेही आकडे हलतात. महिन्याला एकदा, तेही प्रत्येक गाईचे वेगळे दूध तपासून वहीत लिहिले, तर खरे चित्र दिसते.

गाय माजावर आली, की आपण रेतन करणाऱ्याला विचारतो, “वळूच्या आईचे दूध किती?” त्याला आणखी एक प्रश्न जोडा: “त्याच्या मुलींचे फॅट आणि प्रथिने किती?” आज भरलेल्या कांडीतून जन्मणारी कालवड दुधात यायला तीन वर्षे तरी लागतात. तोवर चूक दुरुस्त करता येत नाही.