‘उदाहरणार्थ नेमाडे’ : कादंबरीकारावरील माहितीपटाचे स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना

साहित्यिकांवरील माहितीपट ही आता महाविद्यालयीन अध्यापनाला अपरिचित गोष्ट राहिलेली नाही. तथापि कवीवर अथवा नाटककारावर माहितीपट काढणे आणि कादंबरीकारावर काढणे यांत मूलभूत फरक आहे. कवी स्वतःची कविता कॅमेऱ्यासमोर म्हणू शकतो, नाटकाचा प्रयोग चित्रित करता येतो. कादंबरीला असा दर्शनी भाग नाही. ती वाचकाच्या एकांतात, अनेक दिवसांच्या सहवासाने घडते. कादंबरीकाराचे लेखन म्हणजे बाहेरून पाहता केवळ टेबलाशी बसलेला एक माणूस. त्यामुळे दिग्दर्शकापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे दाखवायचे काय?

या प्रश्नाला मराठीत मिळालेले एक लक्षणीय उत्तर म्हणजे भालचंद्र नेमाडे यांच्या जीवनावर व साहित्यावर अक्षय इंडीकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘उदाहरणार्थ नेमाडे’ (2016) हा चित्रपट. प्रस्तुत लेखात या चित्रपटाच्या रूपाचा आणि त्या रूपातून निर्माण होणाऱ्या वाङ्मयीन प्रश्नांचा विचार केला आहे.

शीर्षक आणि रूप

नेमाडे यांना 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला तो 2015 च्या फेब्रुवारीत. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते चौथे मराठी लेखक. पुरस्कारानंतर लेखकाचा गौरवपट निघणे हे आपल्याकडे रूढीला धरूनच झाले असते. परंतु नेमाड्यांच्या बाबतीत अशा गौरवात एक अडचण दडलेली होती. ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ हा त्यांचा लेख साठोत्तरी पिढीच्या बंडखोरीचा एक जाहीरनामाच मानला जातो. सभा, सत्कार, अध्यक्षपदे यांत रमणाऱ्या प्रतिष्ठित लेखकाची ज्याने ‘लेखकराव’ म्हणून टवाळी केली, त्याच्यावर कॅमेरा रोखला की तो लेखकराव होणार नाही याची हमी काय? ‘वाचा’सारख्या अनियतकालिकाच्या चळवळीतून पुढे आलेल्या लेखकावरील चित्रपटाला हा प्रश्न टाळता येणे शक्य नव्हते.

चित्रपटाच्या शीर्षकातच या अडचणीची जाणीव दिसते. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे ‘कोसला’च्या नायकाचे, पांडुरंग सांगवीकराचे, लाडके शब्द. सर्वसाधारण विधान करून मागाहून दाखला द्यावा, ही या शब्दाची शिष्ट रीत. पांडुरंग मात्र तो शब्द कुठेही टाकतो आणि त्यातून सगळ्या शहाणपणाची खिल्ली उडवतो. ‘महान नेमाडे’ नव्हे, ‘युगप्रवर्तक नेमाडे’ नव्हे, तर नुसते ‘उदाहरणार्थ नेमाडे’, म्हणजे अनेकांतील एक दाखला. लेखकाला त्याच्याच पात्राच्या भाषेत हाक मारण्याची ही युक्ती गमतीदार असली तरी केवळ गंमत नाही.

रूपाच्या दृष्टीने हा चित्रपट शुद्ध माहितीपट नाही. त्यात नेमाडे स्वतः बोलतात आणि त्याचबरोबर त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे व प्रसंग अभिनीत स्वरूपात येतात. ‘डॉक्यु-फिक्शन’ या नावाने ओळखला जाणारा हा संकर आहे. साहित्यिकावरील भारतीय माहितीपटांत नाट्यीकरण नवे नाही. सत्यजित राय यांनी रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त 1961 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘रवींद्रनाथ टागोर’ या माहितीपटातही कवीच्या बालपणाचे प्रसंग नटांकडून करवून घेतले आहेत. पण तेथे चरित्रनायकाच्या निधनाला वीस वर्षे झाली होती; छायाचित्रे, हस्तलिखिते आणि जुनी चित्रफीत यांनी न भरणारी जागा राय यांनी नाट्याने भरून काढली. इंडीकरांपुढे लेखक प्रत्यक्ष बसलेला आहे. नाट्यीकरण तेथे चरित्रातली उणीव भरत नाही. ते लेखकाच्या शेजारी त्याच्या कल्पितसृष्टीला आणून बसवते. त्यामुळे प्रश्नच पालटतो.

लेखक, नायक आणि वाचकाची घाई

नेमाड्यांचा जन्म 27 मे 1938 रोजी, जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातल्या सांगवी या गावी झाला. (पिंपरी-चिंचवडमधील विद्यार्थ्यांना ‘सांगवी’ म्हटले की मुळेकाठची सांगवी आठवते, वर्गात हा खुलासा आधीच केलेला बरा.) शेतकरी कुटुंबातून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, तेथून डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाच्या अभ्यासासाठी, मग तत्कालीन अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा ठिकाणी अध्यापन, पुढे लंडन, गोवा आणि मुंबई विद्यापीठ असा त्यांचा प्रवास आहे. ‘कोसला’ (1963) चा पांडुरंग खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. ‘बिढार’ (1975) पासूनच्या चतुष्टयातील चांगदेव पाटील हा गावोगावच्या महाविद्यालयांत नोकऱ्या बदलणारा प्राध्यापक आहे. साम्य इतके ढळढळीत आहे की वाचक ‘म्हणजे हे नेमाडेच’ असे म्हणून मोकळा होतो.

हा निष्कर्ष अर्धवट आहे. पांडुरंग हरतो; शिक्षण सोडून गावी परततो. त्याला घडवणारा पंचविशीतला तरुण मात्र हरलेला नव्हता. त्याने त्या पराभवाला भाषा दिली होती. आत्मचरित्रात्मक कादंबरीचे मर्म या अंतरात असते. कॅमेरा नेमके हे अंतर पुसून टाकण्याची भीती असते. लेखकाचे खरे गाव, खरे घर, खरा चेहरा दिसला की प्रेक्षकाला वाटते, आता मूळ सापडले. कादंबरी ही त्याची नक्कल. नेहमीच्या चरित्रपर माहितीपटांचा हा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल. ते कादंबरीला पुरावा मानून लेखकाचा शोध घेतात.

संकररूपाची उपयुक्तता येथे ध्यानात येते. लेखक आणि पात्र एकाच चित्रपटात वेगवेगळ्या देहांत वावरू लागले की ‘हे तेच’ असे म्हणणे अवघड होते. वयोवृद्ध, मिशीआडून मिस्कीलपणे बोलणारे नेमाडे आणि तरुण नट यांच्यात जी फट पडते, ती प्रेक्षकाला सतत दिसत राहते. अर्थात हे दुधारी शस्त्र आहे. एकदा पांडुरंगाला नटाचा चेहरा मिळाला, की ‘कोसला’ न वाचलेल्या विद्यार्थ्याच्या मनात तोच चेहरा कायम होतो. साठ वर्षे वाचकांनी आपापल्या पांडुरंगाला स्वतःचा चेहरा दिला होता, हे विसरून चालणार नाही.

चित्राला न पेलणारे

‘कोसला’मध्ये धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग आहे. मराठी कादंबरीतील दुःखाच्या चित्रणांत त्याचे स्थान फार वरचे आहे. तेथील परिणाम घटनेत नसून वाक्यांत आहे. दुःख सांगता येत नाही म्हणून चिडलेली, अडखळलेली, पुन्हा पुन्हा तेच म्हणणारी वाक्ये ती. कोणताही दिग्दर्शक हा प्रसंग चित्रित करील तेव्हा त्याच्या हाती मृत्यू येईल, ती वाक्यरचना येणार नाही. त्याच कादंबरीत भावी काळातील इतिहाससंशोधकाच्या थाटात स्वतःच्याच काळाचे वर्णन करण्याचा जो खेळ आहे, तोही असाच. त्याचा विनोद संशोधकी परिभाषेच्या विडंबनात आहे. विशेष म्हणजे या खेळाचा धागा सत्तेचाळीस वर्षांनी ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (2010) मध्ये गंभीरपणे परतला. तेथे नायक खंडेराव हा पुरातत्त्वज्ञच आहे. ही एकसूत्रता कॅमेऱ्याला सहजी सापडणारी नाही; त्यासाठी दोन्ही पुस्तके वाचावी लागतात.

मग चित्रपट काय देतो? आवाज देतो, आणि ही देणगी सामान्य नाही. हरिभाऊ आपटे 1919 मध्ये निवर्तले; मराठी कादंबरीचा पाया घालणारा हा माणूस बोलत कसा होता हे आज ऐकायला मिळत नाही. नेमाड्यांच्या बाबतीत बोलण्याच्या लयीचे महत्त्व दुप्पट आहे, कारण त्यांच्या देशीवादाचा आणि गद्यशैलीचाही आधार बोलीच्या प्रतिष्ठेत आहे. लेखी गद्यातली ती वाकडी वळणे, मध्येच येणारा उपरोध, विधान करून लगेच त्याला बगल देणे, हे सारे त्यांच्या तोंडून ऐकताना ‘कोसला’चे गद्य कुठून आले असावे याचा अंदाज येतो. ‘टीकास्वयंवर’चा (साहित्य अकादमी पुरस्कार, 1990) कठोर समीक्षक आणि ‘मेलडी’चा कवी एकाच कंठातून बोलतो हेही कळते.

दिग्दर्शकाच्या पुढील वाटचालीकडे पाहिले असता या चित्रपटाचे आणखी एक फलित दिसते. इंडीकरांच्या ‘त्रिज्या’ (2019) मध्ये लहान गावातून पुण्यात आलेला, शहरात न रुजणारा कवी-तरुण आहे. तो ‘कोसला’चे रूपांतर नाही, पण पांडुरंगाचा वंशज निश्चित आहे. कादंबरीचे सर्वांत विश्वासू चित्ररूप कदाचित माहितीपटापेक्षा अशा दूरच्या नात्यात आढळते.

अध्यापनातील स्थान

पुणे–आळंदी मार्गावरील दिघी, लगतची भोसरी आणि पलीकडचा चाकणचा कारखानदारी पट्टा येथील महाविद्यालयांत जळगाव, धुळे, मराठवाडा, विदर्भ येथून आलेल्या कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने शिकतात. काही मुले चौघाचौघांनी खोली घेऊन राहतात, रात्रपाळी करून सकाळच्या तासाला बसतात. पांडुरंगाचे वसतिगृह, खाणावळीचे हिशेब, वडिलांच्या पैशांचे ओझे त्यांना परके नाही. पांडुरंगाला वडिलांचा पैसा उधळता येत होता. या मुलांना तो स्वतः कमवावा लागतो, हा फरकही तेच प्रथम दाखवून देतील. अशा वर्गापुढे हा चित्रपट लावताना क्रमाचा प्रश्न निर्णायक ठरतो. सत्रपद्धतीच्या धावपळीत कादंबरीऐवजी चित्रपट दाखवून तास भागवण्याचा मोह अध्यापकांना होतो, हे मान्य करायला हवे. परंतु कादंबरीची निदान पहिली पन्नास पाने वर्गात मोठ्याने वाचून झाल्यावर चित्रपट दाखवला, तर विद्यार्थी पडद्यावरील पांडुरंगाशी भांडू लागतात. ‘असा नव्हता तो,’ असे कोणी म्हटले की तेथून मनीच्या प्रसंगाकडे वळता येते, पुस्तक उघडून.