फिट्स थांबत नाहीत? मेंदूत बसवायच्या यंत्राबद्दल

हिंगोलीत रुग्णाचे नातेवाईक विचारतात, “डॉक्टर, मेंदूत मशीन बसवली की फिट जाते म्हणे?”

बहुतेकांची जात नाही, कमी होते. मेंदूच्या खोल भागात, थॅलॅमसमध्ये, दोन बारीक तारा सोडतात आणि बॅटरी छातीच्या कातडीखाली ठेवतात. तिच्या सौम्य विद्युत लहरी फिटचा फैलाव अडवतात. अमेरिकेतील 110 रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे निम्म्यांच्या फिट्स निम्म्याने तरी घटल्या. गोळ्या मात्र चालूच राहतात.

पण आधी खरे सांगा, गोळ्या रोज घेता ना? दोन योग्य औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही फिट येत असेल, तरच न्यूरोलॉजिस्टकडे हा विषय काढा. एमआरआय, व्हिडिओ ईईजीत दोष एकाच जागी सापडला, तर तो भाग काढण्याची शस्त्रक्रिया अधिक गुणकारी ठरू शकते.

तोवर फिट आली की कांदा-चप्पल नको, कुशीवर वळवा.